हलतं तर सगळंच

माझी दाढ हलायला लागली, तेव्हा डॉक्टरच्या आधी ती ढोबळेकाकांना कळली. हे माझं दुर्दैव.

सकाळची वेळ. गालावर हात धरून मी नळावर उभी होते. काका बादली घेऊन आले आणि म्हणाले, "काय झालं मास्तरीणबाई?"

"दाढ हलतेय काका."

"हलतेय म्हणजे?"

"हलतेय म्हणजे हलतेय!"

काकांनी बादली खाली ठेवली. काकांनी बादली खाली ठेवली की शाळेला उशीर होणार हे मी धरूनच चालत असे. "हलतं तर सगळंच," ते म्हणाले. "पंखा हलतो, कुत्र्याची शेपटी हलते, दिल्लीचं सरकार हलतं. दाढ कशी हलतेय ते सांगा. नुसती डुगडुगतेय की पार लोंबायला लागली? डुगडुगत असेल तर लवंग धरा, टिकेल अजून. लोंबत असेल तर दोरा बांधून मीच काढून देतो. एकदम फस क्लास."

मी जिभेनं दाढ चाचपली आणि नाइलाजानं कबूल केलं, "डुगडुगतेय."

"हां! अब आई बात समझ में!" म्हणत त्यांनी बादली नळाखाली सरकवली. माझा नंबर होता, तो गेला. लवंगेनं दाढ मात्र पुढे दोन वर्षं टिकली, हे मान्य करायला हवं.

आम्ही जुन्या इंदुरात राहत होतो. एक गल्ली, एक नळ आणि पाच बिऱ्हाडं. आमच्या भिंतीला भिंत लागून ढोबळे. काका मिलमध्ये जॉबर होते. म्हणजे विणाई खात्यात एखादा साचा, मागाला तिथे साचाच म्हणत, बिघडला की ज्याच्या नावानं ओरडायचं तो माणूस. मी होते शाळेत मराठीची शिक्षिका. माझ्या वर्गातली देशपांडे-कुलकर्ण्यांची मुलंसुद्धा "मॅडम, पाणी गिरून गेलं" असं मराठी बोलत. त्यांना मराठी शिकवून मी घरी यायची आणि नळावर मला मराठी शिकवायला हा मिलचा जॉबर उभा असायचा. आडनाव ढोबळे, पण ढोबळ बोललेलं याला एक चालत नसे. चालत नसे म्हणजे फक्त एका बाबतीत. बाकी त्यांची स्वतःची मराठी आमच्या सगळ्यांसारखीच, अर्धी हिंदी, पाव माळवी. "मी बाजारातून भाजी घेऊन येऊन राहिलो" असं ते खुशाल म्हणत. पण कुठलीही वस्तू इकडून तिकडे जाऊन परत इकडे येत असली, की तिला नेमका शब्द हवा म्हणजे हवा.

गल्लीच्या तोंडाशी एक गृहस्थ रोज पिऊन येत. एकदा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आज स्वारी फारच हलत होती." झालं. काका खुर्ची घेऊन आले. "ताई, झोकांड्या देत होता की भेलकांडत होता? फरक आहे. झोकांडी देणारा एका अंगाला जातो पण परत येतो. त्याला घर सापडतं. भेलकांडणाऱ्याला परत यायचं भान नसतं. तसा असेल तर उठून बघून येतो, नालीत पडला असेल." आणि खरोखरच बघून आले.

त्या वर्षांत पेपरात रोज सरकार आज पडणार, उद्या पडणार असं चाललेलं असे. आमच्या ह्यांनी एकदा चहा पिता पिता म्हटलं, "सरकार डगमगायला लागलंय." काका भिंतीपलीकडून ओरडले, "डळमळायला, साहेब! डगमगतं ते चालता चालता. हे बसल्या जागी चाललंय." हे भडकले. तुकोगंजात ऑफिस, हाताखाली सहा माणसं, आणि घरी येऊन भिंतीकडून चुका काढून घ्यायच्या. पुढे ह्यांच्या भोपाळच्या बदलीचं निघालं. जावं की न जावं हे महिनाभर ठरेना. तेव्हा काकांनी नळावर मला हळूच विचारलं, "साहेबांची चलबिचल आहे, की नुसती धरसोड? चलबिचल असेल तर त्रास देत नाही. धरसोड असेल तर सांगतो चार शब्द." मी म्हटलं चलबिचल आहे. मग महिनाभर त्यांनी ह्यांना खरोखर काही त्रास दिला नाही. भिंतीपलीकडून रेडिओसुद्धा बारीक लावत.

मला मात्र राग येई. बी.ए.ला मराठी घेतलेली मी, आणि हा माणूस आठवी पास. एका रविवारी मी शाळेच्या वाचनालयातून जाडजूड शब्दकोश काखोटीला मारून आणला आणि त्यांच्यापुढे उघडला. "हे बघा काका. डोलणे म्हणजे हलणे. झुलणे म्हणजे हलणे. हिंदकळणे म्हणजे पाणी इत्यादी हलणे. सगळ्याचा अर्थ एकच आहे, छापलंय इथे."

काकांनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. पान उलटलं. मग चष्मा काढून शांतपणे म्हणाले, "ज्यानं लिहिलंय ना बाई, त्यानं खुर्चीवर बसून लिहिलंय."

कोश मी दुसऱ्या दिवशी परत केला.

त्यांच्या डोक्यात हे वेड कुठून शिरलं असेल, याचा मी माझ्यापुरता एक उलगडा केला होता. साच्यावर धोटा इकडून तिकडे पळतो, तिकडून इकडे येतो आणि त्यातून कापड होतं. असल्या शेकडो धोट्यांच्या खडखडाटात ज्याची तीस वर्षं गेली, त्याला येण्याजाण्याशिवाय दुसरं सुचणार काय? हा उलगडा मला चांगला वाटे. तो चुकीचा होता. पण ते पुढे.

इंदुरात अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघतात हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगते. गणपतीच्या विसर्जनाला आमच्याकडे नुसते ढोल वाजत नाहीत. एकेका मिलचे कामगार महिना-दीड महिना खपून पुराणातले देखावे उभे करतात, ट्रॉलीवर चढवतात, दिव्यांनी लखलखवतात आणि मिरवणुकीनं गावातून नेतात. देखाव्यातली माणसं, हत्ती, राक्षस, सगळं हलतं. अख्खं गाव रस्त्यावर येऊन बसतं. खजरान्याचा गणपती आणि चतुर्दशीची झांकी या दोन गोष्टींवर इंदुरी माणूस कुणाचं काही ऐकून घेत नाही. कुठल्या मिलची झांकी वरचढ यावरून सोयरिकी तुटता तुटता राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

आमच्या मिलच्या झांकीतल्या मूर्ती कुणी करो, रंग कुणी देवो, त्यांना हलवायचे काका. एक मोटर, पट्टे, सायकलच्या साखळ्या आणि लाकडाचे कॅम. कॅम म्हणजे आस मधोमध न ठेवता एका कडेला ठेवलेलं चाक. ते फिरलं की वरची वस्तू पुढेमागे होते. आस कडेला किती सरकवायचा, त्यावर मूर्ती कशी हलणार ते ठरतं. एवढ्या भांडवलावर काकांनी शेषनाग डोलवला, ऐरावत झुलवला, कुंभकर्णाचं पोट घोरताना वरखाली केलं. शेषाच्या साली गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी झांकीसमोर दुधाच्या वाट्या ठेवल्या होत्या. मी भांडकुदळ बाई आहे, कुणाचं कौतुक माझ्या तोंडून सहजासहजी निघत नाही. पण त्या दिवशी मी गर्दीत दहा जणांना तरी ऐकवलं असेल, की हा शेष ज्यानं डोलवला तो माणूस आमच्या नळावर पाणी भरतो.

मग मिल बंद झाली. पेपरात उदारीकरण, बाजारात नव्या मोटारी, छतांवर थाळीएवढाले अँटिने, आणि आमच्या बाजूला एक फाटक कुलूप लावून उभं. कुणी पोह्याची गाडी लावली, कुणी नव्या शोरूमच्या दारात टोपी घालून उभा राहिला, कुणी रिक्षा धरली. ढोबळेकाकांवर त्याआधीच एक घाव बसला होता. त्याच्या आदल्या हिवाळ्यात ताराकाकू गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता आठ दिवसांत गेल्या. मूलबाळ नव्हतं. मिल होती तोवर काका पाळीवर जात, येत. मिलही गेल्यावर ते नळावरच जास्त वेळ दिसू लागले, आणि माझे शब्द दुरुस्त करणं वाढलं. आता तर काही कारणही लागेना. गच्चीवरची साडी दाखवून विचारत, "सांगा, कशी हलतेय?" मी म्हणे, "फडफडतेय." "नीट बघा बाई. वारा पडलाय. नुसती लहरतेय." शाळेतही एवढी परीक्षा मी कधी कुणाची घेतली नाही.

गणपती जवळ आले. फाटकाबाहेर कामगारांची सभा झाली. मी नव्हते, पण बद्रीलालजींनी, म्हणजे झांकी समितीच्या प्रमुखांनी, नंतर आमच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. वर्गणी गोळा करून झांकी काढायची हे ठरलं. पण सामान? मोटर, पट्टे, काकांनी पंचवीस वर्षांत घडवलेले कॅम, सगळं आत, आणि आतल्या खोलीला सील. तेव्हा बद्रीलालजी काकांना म्हणाले, "मास्टरजी, इस बार खड़ी झांकी निकाल देते हैं. मूर्तियां रखेंगे, लाइट लगाएंगे. लोग समझ जाएंगे."

काका उठून उभे राहिले म्हणे. "बद्रीलाल, मिल उन्होंने बंद की. झांकी रुकी, तो वो हमने रोकी. खड़ी झांकी नहीं निकलेगी. हिलेगी. और जैसी हिलना चाहिए, वैसी हिलेगी."

"भिया, सबकी बोलती बंद," बद्रीलालजी आम्हाला सांगत होते, आणि सांगताना त्यांची मान ताठ झाली होती. "फिर पूछा, बनाओगे क्या? बोले, नाव. केवट राम-सीता को गंगा पार ले जा रहा है. हमने कहा मास्टरजी, नाव तो आज तक आपने कभी बनाई नहीं, हमेशा टाल दी. बोले, इस बार नहीं टालूंगा."

त्यानंतर आमच्या गल्लीत वस्तू गायब व्हायला लागल्या. चोरी म्हणता येणार नाही, कारण काका सांगून नेत. फक्त आपण हो म्हणायच्या आत ती वस्तू त्यांच्या हातात असे. कुणाची मोडकी सायकल, कुणाच्या विहिरीवरचा रहाट, शाळेतली एक तुटकी घंटा. एका संध्याकाळी आमच्याकडे आले आणि टेबलफॅनसमोर उभे राहिले. फॅन डावीकडून उजवीकडे मान फिरवत होता, परत डावीकडे येत होता.

"मान छान वळवतो," काका म्हणाले.

"काका, नाही," मी म्हटलं.

"पंखा नको हो मला! वारा तुमच्याकडेच राहील. मला फक्त मानेतलं मशीन पाहिजे."

तासाभरात त्यांनी मशीन काढून नेलं. तेव्हापासून फॅन एकाच दिशेला तोंड करून उभा राहिला, आणि त्या दिशेला कोणी बसायचं यावरून सासूबाई आणि हे यांच्यात रोज वाद. पंधरा दिवस मी दोघांच्या मधे उकाड्यात बसले.

चतुर्दशीच्या तीन दिवस आधीची गोष्ट. मी पेपर तपासत होते. दारात काका. आले, उंबऱ्यापाशी थांबले, मागे वळले, अंगणात गेले, परत आले. तोंड उघडलं, मिटलं. असं दोनतीनदा झाल्यावर मला राहवेना. इतक्या वर्षांचा सूड घ्यायची संधी होती. मी म्हटलं, "काका, घुटमळताय तुम्ही."

शब्द बरोबर होता. तरी ते हसले नाहीत. आत येऊन खाली बसले, जमिनीवरच.

"एक काम होतं बाई. चतुर्दशीला जेल रोडच्या वळणावर उभं राहाल? तिथे एक दवाखाना आहे. त्याची तिसरी पायरी. दुसरी नाही, चौथी नाही. तिसरीवरून झांकी आधी समोरून दिसते, मग वळताना बाजूनं दिसते. कुणाचं डोकं मधे येत नाही."

"राहीन की. पण का?"

"मी खाली असतो ना," ते म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. झांकी चालते तेव्हा ते ट्रॉलीच्या फळ्यांखाली, यंत्राशी बसलेले असतात. रस्त्यावरचा खड्डा आला की पट्टा निसटतो, साखळी सैल होते. हात तिथेच लागतो. पंचवीस वर्षांत त्यांनी आपली एकही झांकी रस्त्यावर चालताना पाहिली नव्हती. एकही नाही.

"ट्रायलला बघता की," मी म्हटलं.

"कारखान्यात सगळंच नीट हलतं बाई. फर्शी असते खाली. रस्त्यावर काय होतं ते खरं. ते मला ती सांगायची."

ती म्हणजे ताराकाकू. काकू गुहागरकडच्या, खाडीकाठच्या. लग्न होऊन इंदुरात आल्या तेव्हा त्यांना हिंदी येत नव्हती आणि काकांना धड मराठी. पहिल्या चतुर्दशीला काकू त्या पायरीवर उभ्या राहिल्या. सकाळी काकांनी विचारलं, कसा हिल रहा था हाथी? काकू म्हणाल्या, हलत होता कुठला, भेलकांडत होता बिचारा, मला वाटलं सोंड आपटून खाली येतो. काकांना तो शब्द माहीत नव्हता. काकूंनी उठून, पदर खोचून, भेलकांडून दाखवलं.

"तेव्हा मला दिसला हत्ती," काका म्हणाले. "पुढच्या साली आस सरकवला, नीट झाला. मग दर साली. ती बघायची आणि मला शब्दानं दाखवायची. तिचा शब्द चुकला तर माझा कॅम चुकणार. म्हणून मग मीही विचारून विचारून पक्कं करून घ्यायचो. थरथरतं ते वेगळं, लहरतं ते वेगळं. बाकी लोक काय हो, ते म्हणतात भन्नाट हिली मास्टरजी! अरे हिली तर हिली, पण कशी हिली?"

मी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली. वर्षभर हा माणूस नळावर, गच्चीखाली, ओट्यावर माझ्या परीक्षा घेत होता. मी त्याला म्हातारपणाचा चक्रमपणा समजत होते. तो त्या पायरीसाठी माणूस तयार करत होता.

"होडी कर म्हणायची ती दर साली," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "मी म्हणायचो, पाणी कुणी बघितलंय इथे. आता केली, तर बघायला ती नाही."

मी म्हटलं, "मी बघीन काका. डोळे फाडून बघीन."

चतुर्दशीला मी दिवेलागणीच्या आधीच ती पायरी धरली. एक बाई मुलाला घेऊन तिथे बसायला आली तर तिच्याशी भांडले. बाकीच्या झांक्या गेल्या, मी कुणाकडे नीट पाहिलं नाही. आणि मग आमची आली. बंद मिलची झांकी. पुढे कापडावर मिलचं नाव, मागे ते सगळे पोहेवाले, रिक्षावाले, दरवान, धुतलेले सदरे घालून छाती काढून चालत होते. लोक आपोआप उठून उभे राहिले. टाळ्यांना कुणी सुरुवात केली माहीत नाही, पण आख्खा जेल रोड वाजवत होता.

वर निळं कापड पट्ट्यापट्ट्यांनी उसळत होतं, बसत होतं. त्यावर नाव. नावेच्या टोकाला दिवा. सीतेचा पदर. आणि केवट वल्हं मारत रामाकडे बघत होता, मग पैलतीराकडे मान वळवत होता, मग पुन्हा रामाकडे. नाव तर चालवायची आहे, पण नजर काही देवावरून हटत नाही. मी शेजारच्या त्याच बाईचा दंड धरला आणि ओरडले, "वो गर्दन हमारे पंखे की है!" ती घाबरून लांब सरकली. सरकेना का. रडतही होते मी, आणि बघतही होते. समोरून बघितलं, वळताना बाजूनं बघितलं, दिसेनाशी होईपर्यंत बघितलं.

घरी आले ती मुकाट्यानं. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, एक चूक दिसली. "मग ती कशाला सांगतेस?" हे म्हणाले. "बायको गेली, मिल गेली. म्हाताऱ्याला म्हणावं ए-वन झाली. खूश होईल." पटण्यासारखं होतं. मी कूस बदलत तेच घोकत राहिले. ए-वन झाली काका, ए-वन.

सकाळी काका ओट्यावर बसले होते. नखांत काळं तेल. समोर चहाचे दोन पेले, एक माझ्यासाठी. त्यांच्याकडे बघितलं आणि ए-वन माझ्या तोंडातून निघेना.

"बोला," ते म्हणाले.

"दिवा थरथरत होता. विझेल असं वाटायचं, विझत नव्हता."

"पदर?"

"फडफडत नव्हता. लहरत होता. वळणावर तेवढा एकदा अडकला, मग सुटला."

"केवट?"

मी केवटाचं सगळं सांगितलं. काका ऐकत होते, डोळे मिटून. मग त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "आणि नाव?"

मी चहा पीत राहिले. पेला संपला. तो खाली ठेवल्यावर दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही.

"नाव झुलत होती काका."

त्यांनी डोळे उघडले. "झुलत?"

"पाळण्यासारखी. इकडून तिकडे, तिकडून इकडे, मोजून मापून. ओंकारेश्वरला मी नावेतून नर्मदा ओलांडली आहे. नाव अशी मोजून हलत नाही. एकदा थोडी कलते, मग थांबल्यासारखी होते, मग एकदम जास्त. पोटात गोळा येतो. तिला हेलकावे बसतात. तुमच्या नावेत मूल निजवलं असतं तर निजलं असतं."

गल्लीतून दूधवाला घंटी वाजवत गेला. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. काय गरज होती? कोण मोठी लागून गेले होते मी?

"वळणाआधी की नंतर?" त्यांनी विचारलं.

"आधीपासून. सगळा वेळ."

"हं." त्यांनी ओट्याखालून कोळशाचा तुकडा घेतला आणि फरशीवर एक गोल काढला. त्याच्या शेजारी दुसरा, लहान. दोन्हीत आसाची टिंबं, एकाचं कडेला, दुसऱ्याचं त्याहून कमी. "एकच कॅम होता. दोन पाहिजेत. एक मोठा, एक छोटा, आणि दोघांची गाठ लवकर पडायला नको. मग ती मोजून हलणार नाही." कोळसा भरभर चालत होता. नावेचा तळ, खालचा दांडा, दांड्याला जोडलेले दोन गोल. इतक्या वेगानं चाललेला त्यांचा हात मी वर्षभरात पाहिला नव्हता.

एकाएकी ते थांबले. "बद्रीलाल येऊन गेला मघाशी," ते म्हणाले. "म्हणाला, मास्टरजी, नाव क्या हिली है! मी म्हटलं, झालं. खतम. आता कुणी काही सांगणार नाही." त्यांनी मनगटानं डोळे पुसले आणि तेलाचा काळा फराटा कपाळापर्यंत गेला. "पुढच्या साली नावच काढू पुन्हा. लोक म्हणतील, दोनदा तीच. म्हणू देत. तुम्ही पायरी सोडू नका."

"कोण सोडतंय," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हटलं.

शाळेची वेळ होऊन गेली होती. काकांनी फरशीवरचे पेले बाजूला सारून आणखी जागा केली, कोळसा हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आणखी?"

मी पदर खोचून खाली बसले आणि त्यांना पाण्याचं सांगायला लागले.